८० टक्के सूट, पण कोणत्या किमतीवर? ऑनलाइन सेलच्या जाहिराती आणि ग्राहक कायदा

करवीरकर (धागाकर्ता)

सणासुदीचे सेल सुरू झाले की प्रत्येक वस्तूच्या शेजारी खोडलेला एक मोठा आकडा आणि त्यापुढे ठळक अक्षरांत सवलतीची टक्केवारी दिसू लागते. या धाग्यात मला त्या खोडलेल्या आकड्याविषयी चर्चा करायची आहे. तो आकडा कोण ठरवतो, त्या किमतीला ती वस्तू कधी खरोखर विकली गेली होती का, आणि गेली नसेल तर आपला कायदा त्याविषयी काय म्हणतो, याची माहिती फार थोड्या ग्राहकांना असते.

आपल्याच गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूचे उदाहरण घेतो. कोल्हापुरी चपलांच्या जोडाची जाहिरात अशी असते : एमआरपी ३,९९९ रुपये, सूट ८० टक्के, आजची किंमत ७९९ रुपये. वाचणाऱ्याची समजूत अशी होते की हा जोड कालपरवापर्यंत चार हजारांच्या आसपास विकला जात होता आणि आज तो पाचव्या हिश्शात मिळत आहे. प्रत्यक्षात तो जोड वर्षभर आठशे रुपयांच्या आगेमागेच विकला गेला असेल, तर ग्राहकाला मिळालेली सवलत शून्य आहे आणि त्याला वाचल्याचे दाखवलेले ३,२०० रुपये कधी कोणाच्या खिशातून जाणारच नव्हते.

येथे विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते : 'आम्ही एमआरपीवर सूट दिली आहे आणि एमआरपी पाकिटावर छापलेली आहे.' हे उत्तर नीट तपासून पाहायला हवे. वैध मापन शास्त्र कायदा २००९ आणि त्याखालील २०११ चे आवेष्टित वस्तू नियम यांनुसार पाकीटबंद वस्तूवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे आणि त्यापेक्षा जास्त दराने ती विकता येत नाही. ही किंमत उत्पादक, आवेष्टक किंवा आयातदार स्वतः ठरवतो. ती वरची मर्यादा आहे. त्या मर्यादेला ती वस्तू कधी विकली गेली असली पाहिजे असे हे नियम कोठेही म्हणत नाहीत. म्हणजे छापील किंमत कितीही फुगवून लिहिली आणि नंतर तिच्यावर वाटेल तेवढी सूट दाखवली, तरी वजन-मापाच्या नियमांत तो दोष सापडत नाही.

परंतु ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वेगळा प्रश्न विचारतो. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आहे. एखादी वस्तू किंवा तिच्यासारख्या वस्तू सामान्यतः ज्या किमतीला विकल्या गेल्या आहेत किंवा विकल्या जातात, त्या किमतीविषयी लोकांची महत्त्वाची दिशाभूल करणे, हा त्या व्याख्येचा भाग आहे. पुढचा भाग मला त्याहून मोलाचा वाटतो. जाहिरातदाराने 'ही माझी स्वतःची आधीची किंमत आहे' असे स्पष्ट म्हटले नसेल, तर जाहिरातीतील तुलनेची किंमत म्हणजे संबंधित बाजारातील विक्रेते ज्या किमतीला ती वस्तू साधारणपणे विकतात ती किंमत, असे कायदा गृहीत धरतो. १९८६ च्या जुन्या कायद्यातही ही तरतूद जवळजवळ याच शब्दांत होती. सवलतीच्या जाहिरातीची कसोटी छापील किमतीवर लागत नाही, बाजारातल्या चालू किमतीवर लागते, असे माझे वाचन आहे.

उणीव एवढीच की 'सामान्यतः विकली जाणारी किंमत' म्हणजे किती दिवसांतली, हे आपल्याकडे आकड्यात सांगितलेले नाही. युरोपीय संघाने हे काम केले. तेथे २८ मे २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार किंमत कमी केल्याची जाहिरात करणाऱ्या विक्रेत्याला आधीच्या किमान ३० दिवसांतील स्वतःची सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. जर्मनीतील एका दुकानसाखळीने केळ्यांची किंमत १.६९ युरोवरून १.२९ युरोवर आणल्याचे सांगून २३ टक्के कपात जाहीर केली होती. मागच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमतही १.२९ युरोच होती आणि ती बारीक अक्षरांत छापली होती. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये निर्णय दिला की ती किंमत कोपऱ्यात नुसती छापून भागणार नाही, टक्केवारीही तिच्यावरच काढली पाहिजे. त्या हिशेबाने केळ्यांवरची कपात शून्य ठरते.

असा नियम आपल्याकडे असावा असे माझे ठाम मत आहे. तो येईपर्यंत सध्याच्या कायद्याच्या आधारे कोल्हापुरात बसून काय करता येईल, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे.

चप्पललाईन

अतिशय आवश्यक धागा. अंबाबाईच्या देवळाजवळच्या चप्पल लाईनीत आमचे दुकान आहे, त्यामुळे हा विषय आमच्या रोजच्या व्यवहारातला आहे. गिऱ्हाईक मोबाईल पुढे करते आणि विचारते, 'चार हजारांची चप्पल तिथे आठशेला मिळते, तुम्ही दीड हजार कसे सांगता?' त्याला समजावून सांगताना आमची दमछाक होते, कारण त्याच्या मनात चार हजार हा आकडा 'खरी किंमत' म्हणून पक्का बसलेला असतो.

अस्सल कोल्हापुरीचे चामडे वनस्पतिजन्य द्रव्यांत कमावलेले असते, तळ हाताने शिवलेला असतो, आणि कान, पट्टा, वेणी यांच्या कामाला वेळ लागतो. कापशी आणि कचकडी या चपलेच्या प्रकारांच्या किमती वेगळ्या असण्याचे कारण त्यातील कामात असते. मोबाईलवर दिसणाऱ्या जोडाचा तळ अनेकदा रेक्झिनचा किंवा रबराचा असतो. कमी किमतीचा माल जरूर विकावा, गरिबालाही चप्पल हवी असते. त्याला आठशेची चप्पल म्हणून विकावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. चार हजारांची चप्पल आठशेला दिल्याचा देखावा केला की आमचा दीड हजारांचा प्रामाणिक भाव गिऱ्हाईकाला लुटीसारखा वाटू लागतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. बाहेर यंत्रावर तयार झालेल्या मालाला हे नाव लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. फसव्या नावाला फसव्या सवलतीची जोड मिळते तेव्हा कारागिराचे नुकसान दुप्पट होते.

माझा प्रश्न असा की आम्ही दुकानदार यात तक्रारदार होऊ शकतो का, की फक्त विकत घेणाऱ्यालाच तो हक्क आहे?

सातवी गल्ली

धागाकर्त्याच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. आपल्या बाजारात भाव वाढवून सांगणे आणि मग घासाघीस होऊन उतरणे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. लक्ष्मीपुरीत किंवा महाद्वार रोडवर पहिला सांगितलेला भाव कोणीही अंतिम समजत नाही. मग ऑनलाइन विक्रेत्याकडूनच एवढी अपेक्षा का? शेवटी हातातून जाणारी रक्कम ग्राहकाला स्पष्ट दिसते आणि ती मान्य नसेल तर त्याने घेऊ नये.

करवीरकर (धागाकर्ता)

@सातवी गल्ली, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. घासाघिशीत विक्रेता भाव सांगतो, तो एक प्रस्ताव असतो. गिऱ्हाईक उलट भाव सांगते, शेजारच्या दुकानात जाऊन येते, माल हातात घेऊन पाहते. दोघांनाही खेळाचे नियम ठाऊक असतात. जाहिरातीतील खोडलेली किंमत हा प्रस्ताव नसून घडलेल्या गोष्टीविषयीचे विधान आहे : 'ही वस्तू एवढ्याला जात होती.' ते खरे असेल किंवा खोटे असेल. ग्राहकाने अंतिम रक्कम पाहून निर्णय घ्यावा हे ठीक, पण ती रक्कम स्वस्त की महाग हे तो त्या खोडलेल्या आकड्यावरूनच ठरवतो, आणि म्हणूनच तर तो आकडा छापला जातो.

दुकानातल्या जाहिरातीलाही हाच कायदा लागू आहे. 'घडणावळीवर ५० टक्के सूट' असा फलक लावणाऱ्याची घडणावळ आधी किती होती, हा प्रश्न सराफांच्या गुजरीतही विचारता येतो.

चंदेरी हुपरी

घडणावळीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या हुपरीत चांदीच्या दागिन्याचा हिशेब उघड असतो : वजन, टंच (शुद्धता), त्या दिवसाचा दर आणि मजुरी. त्यामुळे चांदीच्या दागिन्यावरची फसवी सवलत पकडणे सर्वांत सोपे आहे. ऑनलाइन पैंजणांवर '७० टक्के सूट' दिसली की पृष्ठावर दिलेले निव्वळ वजन पाहावे आणि त्या दिवसाच्या दराने चांदीची किंमत काढावी. दागिना खरोखर चांदीचा असेल, तर कोणताही व्यापारी धातूच्या किमतीच्या खाली तो विकणार नाही. खोडलेल्या किमतीतून धातूची किंमत वजा केल्यावर मजुरी धातूच्या अनेक पट निघत असेल, तर तो आकडा फक्त सूट दाखवण्यासाठी लिहिलेला आहे हे उघड होते. वजनच दिलेले नसेल तर ती खरेदी टाळावी.

न्यायवाट

मी ग्राहक आयोगापुढे वकिली करतो. वर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे एकत्र देण्याचा प्रयत्न करतो.

दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत. पहिली वाट आपले स्वतःचे नुकसान भरून मागण्याची. त्यासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते. २०१९ च्या कायद्याने केलेला मोठा बदल असा की तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथेही तक्रार दाखल करता येते. विक्रेता गुरुग्रामचा असो वा सुरतचा, कोल्हापूरचा ग्राहक कोल्हापूरच्या आयोगात जाऊ शकतो. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मात्र येथे तक्रारदार कायद्याच्या अर्थाने 'ग्राहक' असला पाहिजे. पुनर्विक्रीसाठी माल घेणारा त्यात बसत नाही, आणि स्पर्धक दुकानदारही बसत नाही.

दुसरी वाट जाहिरात थांबवण्याची. २०२० मध्ये स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिशाभूल करणारी जाहिरात मागे घेण्याचा किंवा बदलण्याचा आदेश देऊ शकते आणि १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. कलम १७ नुसार ग्राहकवर्गाच्या हिताला बाधक असलेल्या अनुचित प्रथेविषयीची तक्रार या प्राधिकरणाकडे किंवा थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अथवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पाठवता येते. तक्रार करणाऱ्याने ती वस्तू विकत घेतलेलीच असावी अशी अट त्या कलमात घातलेली नाही. म्हणून @चप्पललाईन, आपल्यासाठी ही वाट मोकळी आहे. जिल्हाधिकाऱ्यांना कलम १६ खाली चौकशी करून प्राधिकरणाला अहवाल देण्याचा अधिकार आहे, आणि या तरतुदीचा उपयोग फारच कमी होतो याचे मला वाईट वाटते. आपल्या लाईनीतील दुकानदारांनी एकत्र येऊन नमुन्यादाखल जाहिराती, त्यांच्या तारखा आणि स्थानिक बाजारातील तशाच मालाचे भाव जोडून निवेदन दिले, तर 'सामान्यतः विकली जाणारी किंमत' सिद्ध करण्याचे अवघड काम बऱ्याच अंशी तुम्हीच पार पाडलेले असेल.

कलम २(४७) मधील आणखी एक भाग येथे उपयोगी आहे. सवलतीची किंमत जाहीर करायची, पण त्या किमतीला वाजवी काळ आणि वाजवी प्रमाणात माल विकण्याचा हेतूच नसायचा, हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत याला आमिष दाखवणारी जाहिरात म्हटले आहे. साठा मर्यादित असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते. सेल सुरू होताच 'संपले' असे दिसणाऱ्या आणि शेजारी महाग पर्याय सुचवणाऱ्या ऑफर या कसोटीवर तपासता येतात. त्याच तत्त्वांनुसार खुलासा किंवा अटी मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये असायला हव्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये प्राधिकरणाने रिक्षा-दुचाकी सेवा देणाऱ्या एका कंपनीला १० लाखांचा दंड केला. 'पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये' अशी तिची जाहिरात होती. ते पैसे रोख मिळत नव्हते. मिळत होती फक्त अ‍ॅपमधील नाणी, तीही ५० रुपयांपर्यंतच आणि सात दिवसांत वापरायची.

सातवी गल्ली

@करवीरकर, विधान आणि प्रस्ताव यांतील फरक पटला. पण मग किंमत वाढवून दाखवण्याऐवजी शेवटच्या पानावर शुल्क वाढवणाऱ्यांचे काय? वस्तू ४९९ रुपयांना दिसते आणि पैसे भरायच्या वेळी हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क, रोखीने पैसे देण्याचे शुल्क असे करत ती ५७० रुपयांच्या पुढे जाते. मला तरी अधिक त्रास यानेच होतो.

करवीरकर (धागाकर्ता)

हाही सवलतीचाच प्रश्न आहे, कारण वर दाखवलेली सूट खाली शुल्काच्या रूपाने परत घेतली जाते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला चकवणारी संकेतस्थळाची मांडणी, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत १३ प्रकार सांगितले. किमतीचे घटक सुरुवातीला न सांगता टप्प्याटप्प्याने उघड करणे, ग्राहकाच्या संमतीशिवाय कार्टमध्ये विमा किंवा देणगी घालणे, 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई निर्माण करणे, हे सगळे त्या यादीत आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने सर्व शुल्कांसह एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड करून दाखवायला हवी, आणि आधीच खूण केलेल्या चौकटीला संमती मानता येत नाही. प्रत्येक शुल्क बेकायदा आहे असा याचा अर्थ नाही. ते आधी सांगितले होते का, हे पाहायचे.

कराच्या बाबतीत तर कायदा अगदी स्पष्ट आहे. एमआरपीत सर्व कर धरलेले असतात, त्यामुळे तिच्यावर ४० टक्के सूट जाहीर करून सवलतीच्या किमतीवर पुन्हा व्हॅट लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये ठरवले होते. व्हॅट जाऊन जीएसटी आला तरी तत्त्व तेच राहिले. २०२५ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने एका ऑनलाइन विक्रेत्याला याच स्वरूपाच्या वागणुकीसाठी २ लाख रुपये दंड केला.

उद्योगिनी

मी कांदा-लसूण चटणी आणि गुळाचे पदार्थ ऑनलाइन विकते, म्हणून पलीकडची बाजू मांडणे माझे कर्तव्य समजते. बहुतेक संकेतस्थळांवर ग्राहकाला सवलतीच्या टक्केवारीनुसार वस्तू गाळून पाहता येतात. '५० टक्के किंवा अधिक' ही चौकट निवडली की माझी २० टक्के सवलतीची चटणी यादीतून नाहीशी होते, जरी तिचा प्रत्यक्ष दर इतरांपेक्षा कमी असला तरी. सेलमध्ये सहभागी होण्याचा आग्रह होतो आणि सवलतीचा भार पुष्कळदा विक्रेत्यावरच पडतो. अशा परिस्थितीत पुढच्या छपाईच्या वेळी एमआरपी वाढवून घेण्याचा मोह प्रत्येक लहान उद्योजकाला होतो. मी तो टाळला आहे आणि त्याची किंमत विक्रीत मोजली आहे. नियम सर्वांना सारखा लागू झाला तर प्रामाणिक विक्रेत्याला त्याचा फायदाच होईल, म्हणून ३० दिवसांच्या नियमाला माझा पाठिंबा आहे. नाशवंत वस्तू आणि बाजारात नव्याने आलेला माल यांच्यासाठी मात्र वेगळी तरतूद हवी. युरोपातही सदस्य देशांना तशी मोकळीक दिलेली आहे असे वाचले आहे.

ग्राहकांना एक विनंती. पाकिटावर आता प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर छापावा लागतो. २०० ग्रॅम आणि २५० ग्रॅमच्या पाकिटांत टक्केवारीची तुलना करण्याऐवजी या एकक दराची तुलना करावी. त्याने छापील किमतीच्या फुगवट्याचा परिणामच उरत नाही.

करवीरकर (धागाकर्ता)

@उद्योगिनी, आपण सांगितलेली गाळणीची गोष्ट या चर्चेतील सर्वांत महत्त्वाची आहे असे मला वाटते. आतापर्यंत मी विक्रेत्याकडे बोट दाखवत होतो, पण वस्तूंची मांडणीच टक्केवारीवर केली असेल तर आकडा फुगवण्याचे कारण त्या मांडणीत आहे. प्राधिकरणाकडे निवेदन देताना ३० दिवसांच्या नियमाबरोबरच ही गाळणीही तपासण्याची मागणी करावी.

@न्यायवाट, पुरावा कसा जमवावा हे कृपया सांगावे. जाहिरात दुसऱ्या दिवशी बदलते आणि हातात काहीच राहत नाही.

न्यायवाट

सेल सुरू होण्यापूर्वीच काम सुरू करावे. जी वस्तू घ्यायची आहे तिच्या पानाचे स्क्रीनशॉट तारीख, वेळ, विक्रेत्याचे नाव आणि पानाचा पत्ता दिसेल अशा रीतीने काही दिवसांच्या अंतराने घेऊन ठेवावेत. किमतींचा इतिहास दाखवणारी संकेतस्थळे पूरक माहिती म्हणून चालतात, पण तक्रारीचा भार एकट्या त्यांच्यावर टाकू नये. सेलच्या दिवशीचे पान, पैसे भरण्यापूर्वीचे कार्टचे पान आणि नंतरचे बीजक हे तिन्ही जपून ठेवावे. वस्तू हाती आल्यावर पाकिटावरील छापील किमतीचे छायाचित्र काढावे, कारण पानावरची 'एमआरपी' आणि पाकिटावरची एमआरपी यांत फरक निघाला, तर तक्रार फारच बळकट होते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडलेले बरे.

आयोगाकडे जाण्यापूर्वी संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. त्याने ४८ तासांत पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास कंपनीकडून उत्तर लवकर येण्याची शक्यता वाढते. या पत्रव्यवहारात 'मला फसवले' एवढेच न लिहिता, 'आपण अमुक किंमत खोडून दाखवली, अमुक तारखांना हीच वस्तू आपण अमुक किमतीला विकत होता, सबब कलम २(४७) नुसार सामान्य विक्री किमतीविषयी दिशाभूल झाली आहे' असे नेमके लिहावे.

चप्पललाईन

धन्यवाद, वकीलसाहेब. लाईनीतल्या दुकानदारांशी बोलून निवेदनाचा मसुदा तयार करतो. एक शेवटची शंका आहे. ग्राहकाने तक्रार केली की कंपनी लगेच पैसे परत देते आणि प्रकरण मिटवते, जाहिरात मात्र तशीच राहते. पैसे स्वीकारल्यावर पुढे काही करता येते का?

न्यायवाट

येते. परतावा स्वीकारताना 'सर्व दाव्यांची पूर्तता झाली' अशा मजकुराला संमती दिली असेल, तर वैयक्तिक भरपाईचा दावा कमकुवत होतो. पण कलम १७ खालची तक्रार संपूर्ण ग्राहकवर्गाच्या हितासाठी असते, त्यामुळे एका ग्राहकाला पैसे परत मिळाले म्हणून ती संपत नाही. उलट परताव्याचा तो ई-मेल निवेदनाला जोडावा. मसुदा तयार झाला की येथे टाका, मी कलमे तपासून देतो.